टबातलं दुसरं मत

फ्रीज एकदम घरघरला आणि बाहेरच्या खोलीत श्वास धरून बसलेली माणसं जागच्या जागी दचकली.

"फ्रीज आहे," सून ओशाळून म्हणाली, जणू त्याला गप्प बसायला तिनेच शिकवायला हवं होतं.

"शांतता," पाणीवाले सर म्हणाले. "पाणी ऐकतंय."

पाणी ऐकत होतं की नाही कुणास ठाऊक, खोली मात्र ऐकत होती. समोरच्या काकू, खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, सुनेच्या नवऱ्याची मावशी, छापखान्यातले दोघे जुने सोबती, आणि कुणाच्या तरी ओळखीने आलेली, कुणाच्याच ओळखीची नसलेली चारदोन माणसं. कुणी सोफ्यावर, कुणी सुनेच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर, कुणी ऑल्टरेशनला आलेल्या पँटींचा गठ्ठा मांडीवर घेऊन. मधोमध खुर्चीत सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांवरून पांढरं कापड सोडलेलं, त्याची कड खालच्या प्लास्टिकच्या टबातल्या पाण्याला टेकलेली. पाय त्या कापडामागे. पायांवर उजेड पडला तर म्हणे विष आत पळतं. टबाचा पुढचा भाग मात्र सगळ्यांना दिसेल असा उघडा, आणि त्यात तारेच्या वेटोळ्यांचं एक नळकांडं बुडवलेलं. त्याची वायर शेजारच्या पेटीत, पेटीची वायर भिंतीत.

सरांनी डबीतून मीठ घेतलं, बोटांत चुरलं आणि पाण्यात सोडलं. "पाण्याची जीभ आधी मोकळी करावी लागते," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

आधी नुसते बुडबुडे आले. मग वेटोळ्यांभोवती पिवळसर धूर उठावा तसं काहीतरी उठलं, फिरलं, पसरलं. पिवळ्याचं तांबूस झालं, तांबड्याचं तपकिरी. वर फेस धरला. आणि त्या फेसात काळे, बारीक, कुजल्या पानाच्या चुऱ्यासारखे कण तरंगायला लागले.

"निघालं गं बाई!" मावशी किंचाळलीच.

"फेस म्हणजे साचलेला कफ," सर हळू, गोड आवाजात सांगू लागले. "तांबडं आहे ते सांध्यांतलं. तपकिरी यकृताचं. आणि ते काळं…" ते थांबले. त्यांना कुठे थांबायचं ते बरोबर माहीत होतं. "ते मी बोलत नाही. ज्याचं त्याला कळलं."

नवऱ्याने डोळे पुसले. सुनेला कापडामागच्या, आता न दिसणाऱ्या त्या पायांची एकदम भीती वाटली. रोज चेपलेले, नखं कापलेले ते पाय. त्यांतून हे बाहेर येत होतं?

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलताच येत नव्हतं, फक्त कुजबुजता येत होतं, आणि तेवढ्यावरूनच हे सगळं सुरू झालं होतं.

उभा जन्म त्यांनी छापखान्यात काढला होता, मोठ्याने वाचण्याच्या कामात. समोर मुद्रिततपासनीस छापलेला कागद घेऊन बसायचा आणि सासूबाई हस्तलिखित मूळ प्रतीवरून वाचून दाखवायच्या, एकेक खूण उच्चारून, आणि शेजारच्या यंत्रांचा धडधडाट ओलांडून. त्यामुळे घरातही त्यांचं बोलणं तसंच झालं होतं. "दूध उतू चाललंय, स्वल्पविराम, या घरात कुणाला नाक आहे का, प्रश्नचिन्ह!" नातीला, म्हणजे टिकलीला, तर गोष्टीतला राक्षस मेला हे 'पूर्णविराम' ऐकल्याशिवाय पटायचं नाही.

मग तो आवाज बसला. बसला तो उठलाच नाही. दुर्बीण झाली, घशातल्या गाठीचा तुकडा काढून तपासला, स्कॅन झाला. सर्जननी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला इथे कायमचं छिद्र. चित्र इतकं स्वच्छ होतं की सुनेला त्या पेन्सिलीचा राग आला.

"आणि बोलणं?" नवऱ्याने विचारलं.

"पूर्वीसारखं नाही," सर्जन म्हणाले. "जीव वाचेल. तारीख बाहेर घ्या."

घरी आल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की दुसरं मत घ्यायला हवं. इथवर कुणाचं काही चुकलं नव्हतं. घोडं अडलं ते संकोचापाशी.

"एवढा चांगला माणूस," नवरा म्हणाला. "आईला आई म्हणून हाक मारतो. त्याला कळलं की आपण दुसऱ्याकडे गेलो, तर?"

"सुरी धरताना मनात राहील ना त्याच्या," मावशीने री ओढली.

"रिपोर्ट मागायला जायचं कुठल्या तोंडाने?"

तेव्हा समोरच्या काकूंनी तोडगा काढला. "पाणीवाल्या सरांना विचारा. माझे गुडघे बघा, कसे झालेत. आणि ते डॉक्टरच नाहीत, त्यामुळे डॉक्टरला राग यायचा प्रश्नच नाही!"

हे सगळ्यांना पटलं. सुनेलाही पटलं, हे ती पुढे कधी विसरली नाही. दवाखान्यात फोन करून सांगितलं की घरी पाहुणे आहेत, तारीख पुढे ढकला. पाहुणे कोण, तर एक टब.

"ऑपरेशनवाल्यांचं एक मत," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आणि पाण्याचं दुसरं. मी मध्ये पडत नाही. मी रुग्णाला हातसुद्धा लावत नाही. घरच्याच बाईने पाय ठेवायचे, कापड घालायचं. पुढचं यंत्राची फ्रिक्वेन्सी बघून घेते."

आणि फ्रिक्वेन्सीने बघून घेतलं. पहिल्या दिवशी काळं-तपकिरी निघालेलं पाणी पुढच्या खेपेला थोडं निवळलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. सर येत, डबी उघडत, चिमूट सोडत, बटण दाबत, आणि पाणी दर वेळी फिकं होत जाई. "उतरतंय," सर म्हणत. "मुळापासून उतरतंय." माणसं वाढत गेली. कुणी आपली पाळी कधी येईल ते विचारायला येई, कुणी नुसतं बघायला.

टब रिकामा करण्याचं काम सुनेचं. त्याचाही नियम होता. ते पाणी घरच्या मोरीत ओतायचं नाही, लांब न्यायचं, जिथे कुणाचा पाय पडणार नाही तिथे. ती बादली घेऊन जिना उतरे, गाड्यांच्या रांगेमागून भिंतीच्या कोपऱ्याशी जाई. बादली हिंदकळे आणि तिच्या मनगटावर थेंब उडत. ते थेंब कोमट असत. कुणाच्या तरी अंगातून आत्ताच निघाल्यासारखे. पाणी ओतताना ती तोंड फिरवी. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुई, आणि तरी टिकलीला उचलून घ्यायच्या आधी क्षणभर घुटमळे.

"टबाला हात लावायचा नाही हं," ती लेकीला बजावी. "यंत्राला तर मुळीच नाही."

"का?"

"आजीचा आजार आहे त्यात."

घरात एक नवीन आवाजही आला होता. सासूबाई दुपारी पडल्या की श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजे. दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत, दाराच्या फटीतून, वारा शिरावा तशी. पाणी दिवसेंदिवस फिकं होत होतं आणि शिट्टी दिवसेंदिवस स्पष्ट. सून मशीनवर पँटींच्या कडा दुमडता दुमडता पाय थांबवून ऐके. मग पाय जोरात चालवी, म्हणजे ऐकू येऊ नये.

"आईंचा श्वास ऐकलास?" तिने एकदा नवऱ्याला विचारलं.

"सर म्हणाले, सुटा होतोय कफ."

"त्यांनी घसा कुठे बघितलाय?"

"त्यांना बघावा लागत नाही," नवरा म्हणाला, आणि पटकन दुसऱ्या खोलीत गेला.

एका दुपारी सर यंत्र इथेच ठेवून गेले. उद्या सकाळीच यायचं होतं, कशाला ने-आण करा. सासूबाई आत निजल्या होत्या. सून कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती. टाका-टाका उसवताना तिला कळेना की इतका वेळ कसली बारीक भुणभुण कानावर येतेय. मग कळलं, आणि कोट तिच्या हातातून पडला.

टिकली टबाशी उकिडवी बसली होती. स्टुलाला टेकवून तिने आपल्या बाहुलीला बसवलं होतं, पाय पाण्यात. बाहुलीच्या गुडघ्यांवर रुमाल. मिठाचा डबा शेजारी आडवा. पेटीवरचा दिवा पेटलेला. आणि पाणी काळं-तपकिरी. पहिल्या दिवशी सासूबाईंचं झालं होतं, त्याहून काळं.

सुनेने आधी भिंतीतली वायर उपटली, मग लेकीला काखेत धरून उचललं आणि खोलीच्या टोकाला नेलं.

"शॉक बसला असता! मेली असतीस! सांगितलं होतं ना!"

टिकली रडत होती, पण ओरडा बसला म्हणून नव्हे. ती आधीपासूनच रडत होती.

"आई, तिला पण झालंय," ती हुंदके देत म्हणाली. "तिला पण आजीचं झालंय. किती काळं निघालं बघ."

आणि त्या क्षणी त्या शहाण्यासुरत्या, दोन पैसे कमावणाऱ्या बाईच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण तिला ते खरं वाटलं. ते थेंब, ते कोमट पाणी, धुऊनही न गेलेलं काहीतरी घरभर पसरलं होतं. आजीतून आपल्यात, आपल्यातून लेकीत आणि लेकीतून बाहुलीत उतरलं होतं. तिने टिकलीची हनुवटी वर केली आणि तिचा एवढासा गळा चाचपून पाहिला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

गळ्यात काही नव्हतं. लेकरू गुदगुल्या होऊन रडता रडता हसलं.

त्या हसण्याने तिची तंद्री मोडली. तिने टबाकडे पाहिलं. बाहुली रबरी होती. आतून पोकळ. दाबली तर फुस्स करणारी. तिला यकृत नव्हतं, सांधे नव्हते, कफ नव्हता.

मग हिच्यातून निघालं ते काय?

तिने टिकलीला पलंगावर बसवलं. "इथून उतरायचं नाही. बघ फक्त." पाणी फेकलं, टब घासला, स्वच्छ पाणी भरलं. बाहुली बाजूला ठेवली. मीठ टाकलं, मागे सरकली आणि हात कोरडे करून वायर लावली. टबात कुणीही नव्हतं.

बुडबुडे. पिवळा धूर. तांबूस. तपकिरी. काळे कण.

"आता कोणाचं निघतंय?" टिकलीने पलंगावरून विचारलं.

"कुणाचं नाही गं," सून म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "कुणाचंच नाही."

वायर काढून तिने पुन्हा पाणी बदललं. या वेळी मीठ अगदी इवलंसं टाकलं. पाणी फिकं राहिलं, चहाच्या दुसऱ्या धारेसारखं. ती ते फिकं पाणी बघत बसली. सरांची बोटं आठवली. पहिल्या दिवशीची भरगच्च चिमूट, मग लहान, मग आणखी लहान. तिने वायर काढून नळकांडं वर उचललं. तारेची वेटोळी कुरतडल्यासारखी झाली होती, जागोजाग खड्डे, त्यांत तांबडा चिखल. तिच्या टाचण्यांच्या डबीत पाणी गेलं की असाच चिखल होतो. तार लोखंडाची, पाणी मिठाचं, आणि त्यात वीज. ज्याला दिवसचे दिवस लागतात ते यंत्र घटकाभरात करत होतं, एवढंच. गंज आणत होतं.

आतून शिट्टीचा आवाज येत होता.

नवरा कामावरून आला तेव्हा तिने त्याला सगळं करून दाखवलं. तो उभ्यानेच बघत राहिला. शर्टाचं वरचं बटण काढत होता, ते तसंच अर्धवट राहिलं.

"म्हणजे काय सिद्ध झालं?" तो शेवटी म्हणाला. "थोडा गंज येत असेलही. पण आईचंही निघतच असेल ना त्याच्याबरोबर."

"अरे, टबात कुणी नव्हतं."

"तुला तिचा आवाज नकोय का?"

"मला नकोय?" ती ताडकन म्हणाली. "माझ्या पोरीला झोपवणारा आवाज आहे तो! मला तो हवाय म्हणूनच सांगतेय. आपण कुणाला विचारलंच नाहीये रे. एका टबाला विचारलं, आणि टब हो म्हणाला."

मधल्या दारावर टकटक झाली. मजकूर चुकला की छापखान्यात त्या टेबलावर नखाने अशीच टकटक करत. सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या.

"मला दाखव," त्या कुजबुजल्या.

सुनेने पुन्हा टब भरला. त्यांनी खुर्ची जवळ घ्यायला लावली आणि रिकाम्या पाण्यातून काळं वर येताना निरखून पाहिलं. लेक त्यांच्या पायांशी बसला होता, मान खाली घालून, शाळेतून तक्रार आलेल्या मुलासारखा.

"दुसरं वाचन असं नसतं रे," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दामागे श्वास घ्यावा लागत होता. "दुसरा वाचणारा मूळ प्रत मागतो. या माणसानं… माझ्या गळ्यात एकदा तरी वाकून पाहिलं?"

लेकाने मान हलवली. मग त्याने आईच्या मांडीत डोकं घातलं आणि मोठमोठ्याने रडला. त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. फिरवता फिरवता सुनेकडे बघून त्यांनी डोळा बारीक केला. कुणाची फजिती करायचं मनात आलं की त्या असाच करत.

दुसऱ्या सकाळी खोली पुन्हा भरली. सर आले, डबी काढली. सुनेने नेहमीप्रमाणे सासूबाईंना बसवलं, नेहमीप्रमाणे कापड घातलं, कड पाण्याला टेकवली.

"आजचा दिवस महत्त्वाचा," सर म्हणाले. "आज बहुतेक निर्मळ येईल." आणि त्यांनी डबीत बोटं घातली.

"सर, मीठ आज मी टाकू?" सुनेने विचारलं. "घरच्याच बाईने केलेलं बरं, नाही का?" त्यांनी काही म्हणायच्या आत तिने मूठभर मीठ सोडून दिलं.

सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण इतकी माणसं बघत होती. त्यांनी बटण दाबलं.

पाणी असं काळं आलं की पोस्टमास्तर चष्मा पुसून पुढे सरकले.

"हं," सर म्हणाले. माणूस कसलेला होता. "हेच मला अपेक्षित होतं. दबून बसलेलं शेवटचं मूळ सुटलंय. उजव्या तळव्यातून तर मला सरळ धार दिसतेय. आई, पाय जड वाटतोय ना?"

सासूबाईंनी मान डोलावली.

"मुंग्या येताहेत?"

पुन्हा मान डोलावली. मग दोन्ही हातांनी कापड धरलं आणि वर केलं.

त्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही पाय गाऊनखाली दुमडलेले, कोरडे ठणठणीत. टबात काळं पाणी उकळत होतं आणि त्यात कुणाचंही काही नव्हतं.

खोलीत इतकी शांतता पसरली की त्यांची कुजबूज शेवटच्या माणसालाही ऐकू गेली.

"पूर्णविराम," त्या म्हणाल्या.

छापखान्यातले दोघे आधी हसले. सर भराभर बोलू लागले. "बघा, स्पर्शाची गरजच नसते. आभा असते माणसाची. ती खुर्चीतून…"

"मग आमचीही उतरली असेल," पोस्टमास्तर म्हणाले. "आम्हीही खुर्चीतच आहोत. यातलं माझं यकृत कुठलं, तेवढं दाखवा."

"श्रद्धा नसेल तिथे मी काम करत नाही!"

"श्रद्धा होती हो," सून म्हणाली. ती ओरडली नाही. "पुष्कळ होती. ही तार बघा सगळ्यांनी, कशी खाल्ली गेलीय. हा तिचा गंज आहे. मीठ जास्त की गंज जास्त, मीठ कमी की गंज कमी. पाणी दिवसेंदिवस निवळत गेलं ते आजार उतरला म्हणून नाही, यांची चिमूट उतरली म्हणून."

तिने वायर काढली. सर पेटी आवरू लागले. जाता जाता त्यांनी दारातून एक वाक्य टाकलं, "पश्चात्ताप कराल," आणि ते वाक्य सगळ्यांत खरं ठरलं, फक्त त्यांना अभिप्रेत होतं त्या अर्थाने नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट दोघंतिघं सुनेकडे असं रागाने बघत गेली, जणू तिने त्यांच्या हातातलं काही हिसकावून घेतलं होतं. समोरच्या काकू तेवढ्या रेंगाळल्या.

"पण माझे गुडघे खरंच मोकळे झाले गं."

"कोमट पाण्यात पाय सोडून निवांत बसलात काकू, बरं वाटणारच. रोज बसा. टब मी देते."

सगळे गेल्यावर तिने ते पाणी घरच्याच मोरीत ओतलं. ओतताना तोंड आपोआप फिरलं. कळलं तरी भीती लगेच जात नाही, तिला जायला वेळ लागतो. मोरीच्या तळाशी काळा गाळ फिरत राहिला, आणि ती तो पूर्ण जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

त्याच दिवशी नवरा सर्जनकडे गेला. काय सांगायचं ते घोकत गेला होता, पण तिथे सगळं विसरला आणि म्हणाला, "डॉक्टर, राग मानू नका, आम्हाला दुसरं मत घ्यायचं होतं."

सर्जननी पेन खाली ठेवलं. "राग? माझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः दोघांना विचारलं होतं. पहिल्याच दिवशी सांगायचंत. मीही म्हणायला हवं होतं." त्यांनी स्वतः फोन करून दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंची वेळ घेऊन दिली. एवढंसं होतं ते. ज्या भिंतीला ते सगळे घाबरले होते तिथे दार होतं, आणि नुसतं लोटलेलं.

डॉक्टरबाईंनी पुढे केलेला रिपोर्ट बाजूला सारला. "हे कुणीतरी केलेलं वाचन आहे," त्या म्हणाल्या. "मला काचा हव्यात. तुकडा ज्यांवर ठेवून तपासला त्या मूळ काचा. आमचे तपासनीस आपल्या डोळ्यांनी बघतील. आणि घसा मी बघणार."

सासूबाईंनी सुनेचा हात दाबला. "मूळ प्रत," त्या कुजबुजल्या. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत प्रथमच सैलावला.

काचा तपासल्या गेल्या, दुर्बीण झाली, नवा स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावले.

"निदान बरोबर आहे. हा जुना स्कॅन. गाठ तेव्हा इथे होती. या टप्प्यावर काही रुग्णांमध्ये किरणोपचार आणि औषधं देऊन आवाज राखायचा प्रयत्न करता येतो. सगळ्यांत नाही. यांच्याबाबतीत बसून ठरवता आलं असतं."

"आणि आता?" नवऱ्याने विचारलं.

"आता ती स्वरयंत्राच्या कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात, शिरली आहे. आता काढणं हेच बरोबर, आणि लवकर. पण हाताबाहेर गेलेलं नाही, हेही ऐका. नंतर नळी बसवून बोलायला शिकवतात. आवाज वेगळा असेल, पण बोलता येईल."

"त्या टबाने वाढली का?"

"टबाने गाठ नाही वाढवली. टबाने तुमचे दिवस खाल्ले."

"ते दिवस आमच्याकडे असते, तर आईचा आवाज…"

"ते मला सांगता येणार नाही. कदाचित राहिला असता, कदाचित नाही. जो छातीठोकपणे सांगेल, त्याच्याकडे जाऊ नका."

घरी येताना सासूबाई लेकाच्या पाठीवर थोपटून कुजबुजल्या, "तू प्रेमाने चुकलास, स्वल्पविराम." आणि पुढचं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी एक अनोळखी बाई दाराशी आली. नवऱ्याला पोटात गाठ आहे, ऑपरेशन सांगितलंय, इथे पाण्याचं यंत्र आहे म्हणतात. सुनेने तिला आत बसवलं, पाणी दिलं.

"दुसरं मत घ्याच," ती म्हणाली. "भीड धरू नका. पहिल्या डॉक्टरांना तोंडावर सांगा, काचा मागा, स्कॅन मागा, ते तुमचेच आहेत. पण ज्याला विचाराल त्याने तुमच्या माणसाला तपासलं पाहिजे, आणि 'मला माहीत नाही' असं म्हणायची त्याला लाज वाटता कामा नये. जो बघायच्या आधीच बरं करतो ना, ताई, त्याच्या दारात थांबू नका. आणि उशीर करू नका. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, एवढं करा."

ती बाई रडत रडत गेली. कुठे गेली, ते सुनेला कधी कळलं नाही.

आत सासूबाई टिकलीला गोष्ट वाचून दाखवत होत्या. कुजबुजत, सगळ्या खुणांसकट. शब्द आणि शिट्टी, शब्द आणि शिट्टी. राक्षस मेला तसा 'पूर्णविराम' आला, आणि मग नुसती शिट्टी राहिली. आजीला झोप लागली होती.

सून दारात उभी राहून ऐकत होती. टिकली हळूच पलंगावरून उतरली, पाय न वाजवता आली आणि आईच्या कमरेला बिलगली. तिला आजीचं ऑपरेशन काय आहे ते समजावून सांगितलं होतं. छिद्र, नळी, वेगळा आवाज. तिने सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि काहीच विचारलं नव्हतं.

"आई," ती आता आजीसारखीच कुजबुजली. "तू म्हणाली होतीस ना, यंत्राला हात लावायचा नाही."

"हो गं."

"मग मी नाही लावला. किती दिवस नाही लावला." तिने मान वर केली. "मी तुझं न ऐकता आधीच लावला असता, तर आजीचा आवाज राहिला असता?"